प्रूफमास्तरांची हरकत

बँकेत कर्ज मागायला जायच्या आधी आपला क्रेडिट रिपोर्ट एकदा नजरेखालून घालावा, असं प्रूफमास्तरांनी ठरवलं आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला. वास्तविक नजरेखालून घालणं हा त्यांचा धंदाच. शाळेची पुस्तकं, बसची वेळापत्रकं, औषधाच्या खोक्यातल्या घडी घातलेल्या चिठ्ठ्या, छापखान्यात जे काही येईल त्याचं कच्चं प्रूफ आधी मास्तरांच्या टेबलावर यायचं आणि लाल खुणांनी रंगून परत जायचं. म्हणून छापखान्यातले लोक त्यांना प्रूफमास्तर म्हणत. पुढे घरमालक म्हणू लागले, कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणू लागला आणि रागावली की बायकोही म्हणू लागली. हॉटेलात गेले तरी मास्तर मेनूकार्ड तपासून, खुणा करून वेटरच्या हातात देत. (मागवायचं राहून जाई.)

ह्या खेपेला मात्र प्रकरण जिवाशी आलेलं होतं. मास्तर आणि त्यांची बायको लग्न झाल्यापासून ज्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होते, त्या खोल्या घरमालक विकायला निघाले होते. घरमालक माणूस भला. मुलाकडे कायमचं राहायला जायचं ठरल्यावर ते आधी वर आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "पहिला हक्क तुमचा. तीन महिन्यांत पैशांची सोय करा. नाही जमलं तर खालचे दाताचे डॉक्टर टपूनच बसलेत. त्यांना दुसरी खुर्ची टाकायची आहे."

ही दुसरी खुर्ची ते टाकणार कुठे, हे सांगायला नकोच. बाहेरच्या खोलीत, खिडकीशी, जिथे बायकोचं शिवणयंत्र होतं तिथे. बायको कपड्यांचं अल्टरेशन करायची. पँटी आखूड करणं, कोट सैल करणं, चेन बदलणं, मुलांच्या गणवेशाची दुमड सोडणं. त्या खिडकीत संध्याकाळपर्यंत उजेड असायचा आणि दोऱ्याचा रंग कापडाशी जुळतो की नाही हे त्या उजेडातच कळायचं. गिऱ्हाईकांच्या पायांना तो जिना पाठ झाला होता. ही खोली गेली की तिचं दुकान गेलं, आणि दुसरीकडे नव्यानं गिऱ्हाईक जमवायचं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हे ती बोलून दाखवत नव्हती, पण त्या दिवसापासून ती मशीन जरा जोरातच चालवायला लागली होती.

मास्तर मात्र निर्धास्त होते. "आपल्याला कर्ज द्यायला बँक एका पायावर तयार होईल," ते म्हणाले. "आयुष्यात कुणाचं दमडीचं देणं ठेवलं नाही मी. ह्या घरातली काडीन् काडी रोखीची आहे."

बायकोनं टाचण्या तोंडात धरल्या होत्या. त्यामुळे ती काहीच बोलली नाही.

रिपोर्ट आला. नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर. पान उलटलं आणि मास्तर थबकले. तिथे एका मोटरसायकलच्या कर्जाची नोंद होती. शेवटचे हप्ते थकलेले, आणि पुढे शेरा मारलेला: 'बुडीत'.

"अगं," मास्तर ओरडले, "मी कधी मोटरसायकल घेतली होती का गं?"

"तुम्हाला साध्या सायकलवरून उतरताना कुणीतरी धरावं लागतं."

"तेच म्हणतोय मी! मग ही आली कुठून?" मास्तर विचारात पडले आणि एकदम त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. (हा प्रकाश नेहमी चुकीच्या जागी पडतो, पण पडतो झगझगीत.) "तुझा भाऊ! मागे माझे कागद झेरॉक्सला म्हणून घेऊन गेला होता. त्यानंच घेतली!"

"माझा भाऊ?" मशीन थांबली. टाचण्या तोंडातून निघून उशीत गेल्या. ही चिन्हं काही बरी नव्हती.

मास्तरांनी तोवर मेहुण्याला फोन लावलाही होता. "खरं सांग. तू मोटरसायकल घेतलीस?"

"मी? भावोजी, मला रिक्षातसुद्धा मळमळतं. ताईला विचारा."

"मग माझ्या नावावर कुणी घेतली?"

"तुम्ही घेतलीत? अरे वा! अभिनंदन! कुठली घेतली?"

संध्याकाळपर्यंत बायकोच्या माहेरी पाच घरांत बातमी पोचली होती की, भावोजींनी ह्या वयात मोटरसायकल घेतली आणि आता नाकबूल करताहेत. दोन फोन अभिनंदनाचे आले, एक काळजीचा. बायकोनं तिन्ही मास्तरांच्याच हातात दिले आणि त्या रात्री वाढताना ती त्यांच्याशी फक्त 'हवं?' आणि 'बास?' एवढंच बोलली.

दुसऱ्या दिवशी दोघं बँकेत गेले. कर्जाच्या टेबलावरच्या बाई शांत होत्या. दिवसभर लोकांची काळजी ऐकून ऐकून माणूस होतो तशा शांत. त्यांनी रिपोर्ट पाहिला आणि म्हणाल्या, "ही नोंद असेपर्यंत कर्ज मिळणार नाही."

"किती दिवस असते ही?"

"दिवस नाही हो. सात वर्षं."

मास्तरांनी टेबलाची कड धरली. "आणि समजा, आपले नसले तरी पैसे भरून टाकले तर?"

"तरी नोंद राहते. फक्त 'बुडीत'च्या जागी 'उशिरा भरले' असं येतं. वाईट नोंदींची मुदत संपली की त्या आपोआप गळतात, तोवर चिकटून असतात."

सात वर्षं! मास्तरांनी मनात हिशोब मांडला. सात वर्षांत ते निवृत्त होणार, घरमालक नातवंडांत रमणार आणि खिडकीतल्या उजेडात लोक तोंडं उघडून बसणार. त्यांना खरंच भीती वाटली. बायको शेजारीच बसली होती, पण तिच्याकडे बघायचा धीर होईना.

"पण तुमची नसेल तर काढता येते," बाई म्हणाल्या. "तुमच्याच नावाचा, तुमच्याच जन्मतारखेचा दुसरा कुणीतरी असणार. त्याचं खातं तुमच्यात मिसळलंय. नोंदी ठेवणाऱ्या कंपनीकडे हरकत घ्या. तीस दिवसांत त्यांना तपासून उत्तर द्यावं लागतं. फक्त मोटरसायकलबद्दल लिहा हं. बाकीचं चांगलं आहे."

"बाकीचं म्हणजे?"

"हे काय, क्रेडिट कार्ड. कितीतरी वर्षं जुनं, एकही बिल थकलेलं नाही. मोटरसायकल निघाली की ह्या कार्डाच्या जोरावर तुमचा स्कोअर फार छान होईल."

मास्तरांच्या कपाळावर आठी पडली. त्यांच्याकडे क्रेडिट कार्ड नव्हतं. कधीच नव्हतं.

घरी येताना जिन्यात बायकोनं त्यांना बाहीला धरून थांबवलं. तीस वर्षं कपडे बेतणाऱ्या बाईला पुढचं फाटणार असेल ते आधीच दिसतं. "त्या कार्डाचं काही लिहायचं नाही," ती म्हणाली.

"पण ते माझं नाही."

"नसू दे. त्रास देतंय का कुणाला? राहू दे बिचारं."

"अगं, चूक ती चूक. एका पानावर दोन चुका दिसत असताना एकीवरच खूण करायची? छापखान्यात असं केलं तर माझी नोकरी जाईल."

"हा छापखाना नाही. हे आपलं घर आहे."

"बरं, बरं," मास्तर म्हणाले, आणि त्या वेळी त्यांना ते खरंच बरं वाटलंही असावं. पण दुपारी छापखान्यात ते अर्ज लिहायला बसले. मोटरसायकलचा मुद्दा लिहिला. खाली अर्धं पान कोरं उरलं. त्या कोऱ्या जागेकडे त्यांनी पाहिलं, चहा मागवला, पुन्हा पाहिलं. कार्डाची ती नोंद त्यांना अशी खुपत होती की डोळ्यांत कुसळ गेल्यासारखं झालं. शेवटी त्यांनी दोन नंबरचा मुद्दा लिहिला आणि तोही मोठ्या तपशिलानं. इतकंच नव्हे, तर रिपोर्टाच्या प्रतीवर रीतसर खुणा करून, मोटरसायकल आणि कार्ड दोन्ही लाल शाईनं खोडून, समासात 'दोन्ही काढावे' असं लिहून ती अर्जाला जोडली. त्या दिवशी त्यांना फार शांत वाटलं. घरी ते काही बोलले नाहीत.

मग ते तीस दिवस सुरू झाले. अर्ज पोचला का, हे विचारायला मास्तरांनी इतके फोन केले की कंपनीतली मुलगी त्यांना आवाजावरून ओळखायला लागली. "काका, मिळालाय. तपासणी चालू आहे. तुम्ही जेवलात का?" असं ती आपणहूनच विचारून मोकळी व्हायची. छापखान्यात मास्तरांचं लक्ष उडालं. खोकल्याच्या औषधाच्या चिठ्ठीवर 'दिवसातून तीन चमचे'च्या जागी 'दिवसातून तीन बाटल्या' असं छापायला चाललं होतं, ते मशीनमननं पकडलं. मशीनमन त्यानंतर दोन दिवस मास्तरांकडे दयेनं बघत होता.

त्यात एके दिवशी खालचे दाताचे डॉक्टर वर आले. सभ्य माणूस, आवाज मऊ. "सहज आलो. जरा खिडकीचं माप घेतलं तर चालेल ना? म्हणजे, तुमचं जमलं तर प्रश्नच नाही. पण नाही जमलं तर." खिसे चाचपून ते ओशाळले. "टेप विसरलो वाटतं."

बायकोनं गळ्यातली टेप काढून त्यांच्या हातात दिली. डॉक्टरांनी खिडकी मोजली, भिंत मोजली, मशीन जरा बाजूला सरकवता येईल का विचारलं, आणि जाताना मास्तरांच्या तोंडाकडे बघून म्हणाले, "दात फार आवळता तुम्ही. झिजतील." ते गेल्यावर बायकोनं मशीन ढकलून पुन्हा होती तिथे आणली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मास्तरांनी दुसऱ्या बाजूनं मशीनला हात लावला.

आणि मग उत्तर आलं! 'आपली हरकत योग्य असल्याचे आढळले. हरकत घेतलेला तपशील काढून टाकण्यात आला आहे. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत.' मास्तर ते पत्र घेऊन जिना दोन दोन पायऱ्यांनी चढले. बायकोनं मशीन बंद केली. दोघांनी पत्र दोनदा वाचलं. मास्तरांना त्यात एकही चूक दिसली नाही, म्हणजे त्यांना किती आनंद झाला होता बघा.

बँकेतल्या बाईंनी नवा रिपोर्ट उघडला. मास्तर छाती काढून बसले होते. बाईंनी पडद्यावर बोट खाली नेलं, मग वर नेलं. मग चष्मा पुसला.

"कार्ड कुठे गेलं?"

"काढलं," मास्तर म्हणाले. "ते पण चुकीचंच होतं. मी सांगितलं त्यांना."

बायकोनं मान वळवून मास्तरांकडे पाहिलं. त्या नजरेपुढे मोटरसायकलचं कर्ज बरं.

"आता तुमच्या नावावर काहीच नाही," बाई म्हणाल्या. "स्कोअरच येत नाही. ही बघा रेघ."

"पण वाईट काहीच नाही ना?"

"वाईट नाही आणि चांगलंही नाही. तुम्ही कधी कुणाचे पैसे घेतलेच नाहीत, तर परत करता की नाही हे आम्हाला कसं कळणार?"

"अहो, पण मी घेतलेच नाहीत, कारण मी प्रामाणिक आहे!"

"असालही. नोंद नाही."

ते वाक्य मास्तरांच्या जिव्हारी लागलं. उभं आयुष्य उधारी न करता काढलं, त्याची किंमत एक आडवी रेघ. आणि ती रेघही त्यांनी स्वतः, पदरचा टपालखर्च करून, मागवून घेतलेली! चांगली नोंद पुन्हा कशी उगवते, असं त्यांनी हळूच विचारलं. बाई म्हणाल्या की, काहीतरी छोटं हप्त्यावर घ्या, दर महिन्याला वेळेवर भरा, सहा-आठ महिन्यांत स्कोअर दिसायला लागेल. मुदत तर दीड महिन्यावर आली होती. पण बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो. मास्तरांनी टेबल फॅन धरला.

बँकेतून परस्पर दुकानात जाऊन त्यांनी तो सहा हप्त्यांवर घेतला. आयुष्यातलं पहिलं कर्ज. घरी आणून लावला, आणि त्याची पाती फिरायला लागल्याबरोबर मास्तर दचकले. हे वारं उधारीचं! आपण दुसऱ्याच्या पैशाच्या वाऱ्यात बसलो आहोत! त्यांनी पंखा बंद केला. घामाघूम होऊन बसले. कूस बदलत कशीबशी रात्र काढली आणि सकाळी दुकानाचं शटर वर जायच्या आत ते बाहेर उभे होते.

"काका, पंखा बिघडला का?" सेल्समननं विचारलं.

"पंखा ठीक आहे. मीच बिघडलोय. हे सगळे सहा हप्ते घे."

"आजच? पहिला तर पुढच्या महिन्यात आहे."

"घे रे बाबा! पाया पडू का?"

सेल्समननं घाबरून पैसे घेतले आणि खातं त्याच दिवशी बंद झालं. घरी येऊन मास्तरांनी पंखा लावला, वारा अंगावर घेतला, 'हुश्श' म्हणाले आणि त्या हुश्शच्या मध्येच त्यांना आठवलं की आपण तो घेतला कशासाठी होता.

त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती ओरडेल म्हणून तयारीत होते. ती ओरडली नाही, तेव्हा मात्र ते हादरले. तिनं दोरा दातानं तोडला, मशीनवर कव्हर घातलं आणि कपाटातून एक पिशवी काढली. "चला," ती म्हणाली. "आता मी बोलते. तुम्ही फक्त बसायचं."

बँकेतल्या बाईंनी मास्तरांना पाहून नकळत खुर्ची जरा मागे घेतली. बायको पुढे सरकली. "माझ्या नावावर बघा ना काही निघतं का."

बाईंनी तिची माहिती भरली. पडद्यावर यादी उलगडू लागली. उलगडतच राहिली.

"शिवणयंत्र," बाई वाचू लागल्या. "हप्ते पूर्ण. ओव्हरलॉक मशीन. पूर्ण. फ्रिज. पूर्ण."

"कुठला फ्रिज?" मास्तर म्हणाले.

"आपला," बायको म्हणाली.

"आपला फ्रिज हप्त्यांचा आहे?"

"होता. फिटला."

"कपाट," बाई वाचत होत्या. "गादी."

"गादी!" मास्तर उठून उभे राहिले. "मी इतकी वर्षं तिच्यावर झोपतोय!"

"म्हणून तर नाही सांगितलं," बायको म्हणाली. "सांगितलं असतं तर झोपला असतात का तुम्ही?"

मास्तर बसले. त्या फ्रिजचं पाणी आपण रोखीचं समजून प्यायलो, ह्या विचारानंच त्यांना पुन्हा घाम फुटला. पण घामाच्या आत कुठेतरी त्यांना बायकोचा असा अभिमान वाटला की, तो लपवायला त्यांना नाक शिंकरावं लागलं. इतकी वर्षं ती त्या खिडकीत बसून एकेका गणवेशाच्या दुमडीतून हप्ते भरत होती, आणि आपण मेनूकार्डं दुरुस्त करत होतो.

"एकही हप्ता उशिरा नाही," बाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्या हसल्या. "असा रेकॉर्ड आमच्या मॅनेजरांचासुद्धा नाही. अल्टरेशनचे पैसे दर आठवड्याला खात्यात जमा होतात, तेही दिसतंय. कर्ज तुमच्या एकटीच्या नावावर करू. ह्यांचं नाव घातलं तर वरचे लोक शंका काढत बसतील."

"म्हणजे मी काहीच करायचं नाही?" मास्तरांनी विचारलं.

"तेच करा," दोघी एकदम म्हणाल्या.

मुदतीला तीन दिवस उरले असताना बँकेचा पडताळणीवाला घर पाहायला आला. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर आणखी चार घरांची घाई. बायको आतल्या खोलीत होती. दार मास्तरांनी उघडलं.

"आपण कोण?"

साधा प्रश्न. पण ह्या सगळ्यानं मास्तर इतके धास्तावले होते की बँकेच्या माणसापुढे एक अक्षरही चुकीचं जाऊ नये म्हणून त्यांनी नीट विचार केला. भाड्याचा करार कुणाच्या नावावर आहे? आपल्या. घर अजून विकत घेतलंय का? नाही.

"मी इथला भाडेकरू," ते काटेकोरपणे म्हणाले.

"बरं." पडताळणीवाल्यानं बोटानं काहीतरी भरलं. बायको पाणी घेऊन आली. "मॅडम, घर तुम्ही घेताय ना? खरेदीनंतर हा भाडेकरू राहणार की खोली सोडणार?"

बायकोनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी छताकडे पाहिलं.

"राहणार," ती सावकाश म्हणाली.

"ठीक." त्यानं बटण दाबलं. "गेली नोंद. 'अर्जदाराच्या घरात एक भाडेकरू, पुरुष, वयस्क.' बरोबर आहे ना? काही चूक असेल तर आत्ताच हरकत घ्या. फक्त फाइल मुख्य कार्यालयात परत जाईल आणि तपासणी पहिल्यापासून होईल."

मास्तरांनी तोंड उघडलं. त्यांच्या समोर, पडद्यावर, ढळढळीत चूक होती. त्यांच्या उजव्या हाताची बोटं आपोआप खुणेसाठी जुळली. खालून डॉक्टरांच्या यंत्राचा घुर्रर्र आवाज आला. बायको हातात तांब्या धरून निश्चल उभी होती.

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "बिनचूक."

"छान. शेवटचा प्रश्न." पडताळणीवाल्यानं टॅब वर धरला. "भाडं किती देणार हा?"

"ते अजून ठरायचंय," बायको म्हणाली.